आजचे प्रमुख वक्ते

मंगळवेढ्याला ज्वारी उत्तम पिकते. वक्ते मात्र बाहेरून आणावे लागतात.

म्हणजे गावात बोलणारी माणसं नाहीत असं नव्हे. एस. टी. स्टँडवर, सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठंही उभे राहा. आमच्याकडे एका प्रश्नाला तीन उत्तरं आणि वर एक शंका मिळते. पण ते झालं बोलणं. भाषणाला माणूस परगावचाच लागतो. पंढरपूरचा असेल तर चालतो, सोलापूरचा असेल तर बरा, आणि पुण्याचा असेल तर उत्तम. पंढरपूर सुमारे 25 किलोमीटर, सोलापूर 55, पुणं दोनशेच्याही पुढं. विद्वत्ता अशी किलोमीटरवर मोजायची असते, हे मला आमच्या क्लबात आल्यावर कळलं.

क्लब म्हणजे पत्त्यांचा नव्हे. सेवाभावी क्लब. या प्रकाराचं मूळ शिकागोला आहे. तिथं 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना जमवलं. त्यात एक कोळशाचा व्यापारी होता, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी. आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत बसायचं ठरलं, आणि त्या फिरतीवरून रोटरी हे नाव पडलं. पुढं 1917 साली त्याच शिकागोत मेल्विन जोन्स नावाच्या विमावाल्यानं लायन्सचा पाया घातला. पहिली मंडळी 1920 साली कलकत्त्याला पोचली, दुसरी 1956 साली मुंबईला. तिथून फिरत फिरत दोघंही तालुक्याच्या गावांपर्यंत आले. आमचा क्लब यातला, की यांच्या एखाद्या चुलतभावांपैकी, ते मी सांगणार नाही. आठवड्यातून तीनदा ज्यांची तोंडं बघायची, त्यांच्याविषयी लिहिताना माणसानं बेतानं वागावं. शिवाय गावात सगळ्यांना एकच नाव आहे, 'ते कोटवाले'.

शिकागोच्या त्या पहिल्या बैठकीला चार माणसं होती, चौघंही घरचीच. पाहुणा नव्हता. हे आमच्या सेक्रेटरींना काही केल्या पटत नाही. "मग आभार कुणाचे मानले?" असा त्यांचा सवाल असतो.

सवाल वाटतो तितका साधा नाही. आमची सभा ही मुळात आभार मानण्यासाठी असते. आभार मानायला पाहुणा लागतो, पाहुणा आला की त्याला बसवून ठेवता येत नाही, म्हणून मध्ये भाषण. मी हायस्कुलातून निवृत्त झालो त्याच महिन्यात क्लबानं 'वक्ते मिळवणे' हे खातं माझ्या गळ्यात घातलं. महिन्याला दोन सभा, म्हणजे वर्षाला 24 वक्ते. मानधन नाही. नारळ, शाल आणि एक स्मृतिचिन्ह. त्यावर क्लबाचं नाव ठसठशीत, पाहुण्याचं बारीक आणि देणगीदार दुकानाचं सर्वांत ठसठशीत.

माझा अनुभव असा, की वक्त्यांचाही हंगाम असतो. जून-जुलैत कुणी मिळत नाही. पाऊस, पेरणी, मुलांच्या अ‍ॅडमिशन, अशी कारणं. मार्च सगळ्यांचाच हिशेबात जातो. पण डिसेंबर उजाडला, शेतात मालदांडीची कणसं भरली, की पुण्याहून आपण होऊन फोन येतात. "बरेच दिवस म्हणत होतात, तर या पंधरवड्यात जमेल. विषय काहीही चालेल." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "बाकी, हुरडा कसा आहे?" आमच्या गावच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून तर ज्वारीवर बोलणाऱ्यांचंही पीक आलं आहे. एका तज्ज्ञांनी काळी जमीन ओल कशी धरून ठेवते आणि पावसाशिवाय रब्बीची ज्वारी त्या ओलीवर कशी येते, हे आम्हाला 40 मिनिटं समजावून सांगितलं. समोरच्या रांगेत ज्यांच्या सात पिढ्या तेच करत आल्या अशी पाच माणसं बसली होती. भाषण संपल्यावर त्यातले एक आजोबा उठले. आता शंका विचारणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. आजोबा म्हणाले, "साहेब, ते सगळं बरोबर आहे. पण तुम्ही हुरडा खाल्लाव का नाही?"

आता सभेचा कार्यक्रम म्हणाल, तर तो ठरलेला. वेळ सातची. म्हणजे पावणेआठ. समई पेटवताना पंखा बंद करावा लागतो. पंख्याचं बटण ज्यांच्या खुर्चीमागं आहे ते गृहस्थ पावणेआठनंतर येतात, म्हणून आठ. मग पाहुण्यांचा परिचय. परिचय करून देणारा पहिल्या वाक्यात सांगतो, की आजच्या पाहुण्यांना परिचयाची गरज नाही. पुढची 14 मिनिटं तो ती गरज भागवतो. पाहुण्यांनी पाठवलेला कागद चार पानी असतो आणि त्यात त्यांच्या सातवीच्या शिष्यवृत्तीपासून सगळं असतं. पाहुणे खाली मान घालून ऐकतात, पण एखादा पुरस्कार वाचायचा राहिला तर त्यांची मान चटकन वर येते. मग अध्यक्षांचे दोन शब्द. हे शब्द दोनच असते तर माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षं वाचली असती.

आणि तरीही लोक येतात. याचं कुणाला नवल वाटेल, मला वाटत नाही. मराठी माणसाला ऐकायची भूक पूर्वापार आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला काढली. ऐन उन्हाळ्यात, माणसानं घरात पाणी शिंपडून पडून राहावं अशा दिवसांत, लोक व्याख्यानं ऐकायला जाऊ लागले, आणि ती माला चालत राहिली. खेड्यात व्याख्यान नव्हतं, कीर्तन होतं. तीन-तीन तास मांडी न मोडता ऐकणाऱ्यांची आम्ही मुलं. आम्हाला कंटाळा येतो, पण कंटाळा आला म्हणून उठून जावं हे आमच्या रक्तात नाही.

पुण्याचे एक गृहस्थ 'धावपळीच्या जीवनातील ताणतणाव' या विषयावर आले होते. आमच्या गावात कुणी धावपळ करताना दिसलं तर लोक विचारतात, "कोण गेलं?" पण विषय छापून झाला होता. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "कल्पना करा, तुम्ही एका झुळझुळ वाहणाऱ्या नदीकाठी आहात." मे महिना होता आणि गावात नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. नदीकाठी पोचायला आम्हाला अंमळ वेळच लागला. आमचे एक वकीलसाहेब मात्र पोचले ते तिथंच राहिले. त्यांना आभारप्रदर्शनाच्या टाळ्यांनी परत आणलं. त्यांचा ताण गेला होता. भाषण अगदीच फुकट गेलं असं म्हणता येणार नाही.

पण वक्ता कुठलाही असो, विषय कुठलाही असो, एक गोष्ट कधी चुकत नाही. पाहुणे उभे राहतात, माइकवर दोनदा टकटक करतात, छताकडं बघतात आणि म्हणतात, "मंगळवेढा ही संतांची भूमी."

मागच्या रांगेत घड्याळं बघितली जातात.

कारण यानंतर दामाजीपंत येणार. वाचकहो, दामाजीपंतांविषयी आमच्या मनात काय आहे ते मी सांगायला नको. तो आमचा श्वास आहे. पंधराव्या शतकातला तो दुष्काळ, बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं, ती पंतांनी भुकेल्यांसाठी उघडून लुटवणं, बादशहाचा हुकूम, आणि मग विठू महाराच्या रूपात विठ्ठलानं बेदरला जाऊन दामाजीचं देणं चुकतं करून पावती आणणं; हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो. पण पाहुणे ते आम्हाला पहिल्यांदाच कळत असल्यासारखं सांगतात. आणि सांगतात तेही आपापल्या धंद्याच्या सोयीनं. विमावाले म्हणाले, पंतांनी केवढी जोखीम पत्करली, आणि पाठीशी काहीही पॉलिसी नाही! करसल्लागारांनी विठूचं कौतुक केलं, कारण त्यानं रक्कम एकरकमी भरली आणि मुख्य म्हणजे पावती घेतली. आहारतज्ज्ञ बाईंना आनंद झाला तो कोठारात गहू नसून ज्वारी असणार याचा. एका निवृत्त ऑडिटरांनी तर चष्मा पुसत सांगितलं, की भक्तिभाव आपल्या जागी, पण वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय साठ्याचं वाटप ही गंभीर अनियमितता आहे. ते बोलले ते खरंच होतं, म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आमच्या गावाला इतरही आहेत. पण चोखोबांचा उल्लेख पाहुणे क्वचित करतात. 1338 साली याच गावच्या कुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली सापडून चोखोबा गेले, बरोबरचे मजूरही गेले. ते सांगायचं तर आवाज उतरवावा लागतो, आणि पुढं 'म्हणून आजच नाव नोंदवा' असं म्हणता येत नाही. कान्होपात्रेचंही तेच. बसवेश्वर ऐन उमेदीत इथं बिज्जळाच्या खजिन्यात हिशेबनीस होते असं सांगतात. म्हणजे हिशेबाच्या माणसांचं हे गाव आहे, हा मुद्दा एका बँकवाल्या पाहुण्यांना सुचवून बघितला. त्यांना दामाजीपंतच हवे होते. त्या कथेचा शेवट गोड आहे.

तर मागच्या रांगेत यावर पैज लागू लागली. पाहुणे उभे राहिल्यापासून दामाजीपंत कितव्या मिनिटाला येतात यावर. जो हरेल त्यानं सभेनंतर खाली टपरीवर सगळ्यांना चहा पाजायचा. आमचे औषधदुकानवाले यात वाकबगार. पाहुण्याच्या कपड्यावरून मिनिट सांगतात. सफारी असेल तर तिसरं, खादी असेल तर पहिलंच. सर्वांत उशिरा म्हणजे नवव्या मिनिटाला पंत आले ते एका दंतवैद्यांच्या भाषणात, आणि तेही दाढेवरून कसे आले हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

क्लब नुसता नारळच देतो असा समज करून घेऊ नका. पल्स पोलिओच्या रविवारी आमचे हेच कोटवाले बूथवर बसून पोरांच्या तोंडात थेंब घालत होते. 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला तेव्हा आम्ही पेढे वाटले. अर्थात त्यासाठीही एक वक्ता आणला.

काही वर्षांपूर्वी सोलापूरचे एक नावाजलेले डॉक्टर 'मधुमेह : समज आणि गैरसमज' यावर यायचे होते. साडेसहाला त्यांचा फोन आला. तातडीचा पेशंट, निघता येत नाही. अशा वेळी शहाण्या माणसांनी चहा पिऊन घरी जावं. पण सेक्रेटरी म्हणाले, "असं कसं सर? नारळ आणलाय. शाल आणलीय. फुलं सुकायला लागली." म्हणजे सगळं तयार होतं, फक्त माणूस नव्हता.

आमच्या हॉलच्या मागच्याच गल्लीत एक काका राहत. पुरवठा खात्यात गोदामावर नोकरी करून निवृत्त झालेले. ते क्लबाचे सभासद नव्हते. पण हॉलला इन्व्हर्टर होता, आणि गल्लीतली वीज गेली की काका शेवटच्या खुर्चीवर पंख्याखाली येऊन बसत. कुठल्याही विषयाचं भाषण शेवटपर्यंत ऐकत आणि वीज आली की जात. त्या दिवशी नेमकी वीज गेली. सेक्रेटरींची नजर त्यांच्यावर पडली.

"मला काय येतंय, सर?" काका मला म्हणाले. "मी जन्मभर गोदामात होतो."

"मग गोदामावर बोला काका. दहा मिनिटं."

परिचय करणाऱ्यांच्या हातात डॉक्टरांचे चार कागद. ते उभे राहिले, कागदांकडं बघितलं, काकांकडं बघितलं आणि म्हणाले, "आजच्या पाहुण्यांना परिचयाची गरज नाही." आणि क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदाच, एवढंच बोलून खाली बसले. मागच्या रांगेत औषधदुकानवाल्यांनी पायजमा-सदरा बघून 'दुसरं मिनिट' असं सांगितलं. पिठाच्या गिरणीवाल्यांनी 'येणार नाहीत' अशी पैज घेतली. का घेतली ते त्यांनाच ठाऊक.

काका माइकपासून वीतभर लांब उभे राहिले. म्हणाले, "बहात्तर साली मी एका गोदामावर होतो. चोवीस वर्षांचा होतो." गाव कुठलं ते त्यांनी सांगितलं, मी सांगत नाही.

बहात्तर म्हटल्यावर हॉलमधली वयस्कर मंडळी जरा सरळ बसली. तो दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. पाऊस असा गेला की ज्वारीच्या कोठारात ज्वारी नाही. 1973 च्या मे महिन्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, तलाव खणत होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. आमच्याकडं ज्वारीतलं कळतं, त्यामुळं तिचं दुःख आम्हाला जास्त.

"ट्रक यायचा," काका म्हणाले. "हमाल पोतं उचलताना आकडा मारतात. आकडा बोटभर आत गेला तर पोतं उचलतं. चार बोटं गेला तर फाटतं. फेब्रुवारीपासून आमचे हमाल चार बोटं आकडा मारायला लागले. मी बघत होतो. त्यांच्या बायका-पोरं खडीवरच होती की. दारापाशी मिलो सांडायची. नियम असा, की सांडलेलं झाडायचं, चाळायचं, वजन करायचं, परत भरायचं आणि वहीत मांडायचं. दिवस बुडताना खडीवरच्या बाया यायच्या. मी वही घेऊन आत बसायचो, दार अर्धं लावून. बाहेर खराट्याचा आवाज यायचा. आवाज थांबला की दार उघडायचो. जमीन स्वच्छ. मग वहीत लिहायचो, झाडण निरंक."

इथं काका थांबले. पाणी प्याले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता.

"वर्षाअखेर मोजणी झाली. थोडी घट नियमात बसते. तिच्यावर तीन पोती घट निघाली. साहेब चांगले होते. म्हणाले, उंदीर लिही. मी म्हटलं, साहेब, तीन पोती खाणारा उंदीर तपासणीला दाखवायचा कुठनं? मग पगारातून कापले. सहा महिने. बायको विचारायची, पगार कमी कसा काय? तिला सांगितलं, फंडात जातोय." काकांनी घड्याळ बघितलं. "पैसे सगळे फिटले. पावती आहे घरी. एवढंच."

आणि ते बसले. अकरा मिनिटं झाली होती.

टाळ्या वाजवायच्या असतात हे कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही. मग आभारांसाठी आमचे एक तरुण सभासद उठले. आभार त्यांनी दुपारीच लिहून आणले होते आणि गडबडीत त्यांना दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "आजच्या वक्त्यांनी मधुमेहासारख्या गहन विषयावर सोप्या भाषेत मौलिक मार्गदर्शन केलं. जेवणानंतर अर्धा तास चालण्याचा त्यांचा सल्ला आपण सगळे आचरणात आणू, अशी ग्वाही मी क्लबाच्या वतीनं देतो." काका मान हलवत म्हणाले, "चालावंच." शाल दिली, नारळ दिला. स्मृतिचिन्हावर डॉक्टरांचं नाव कोरलेलं होतं, ते सेक्रेटरींनी पुढच्या वेळेसाठी ठेवून घेतलं.

खाली टपरीवर वाद पेटला. गिरणीवाल्यांचं म्हणणं, दामाजीपंतांचं नाव निघालं नाही, पैज मी जिंकली. औषधदुकानवाल्यांचं म्हणणं, नाव निघायला हवं अशी अटच नव्हती. वकीलसाहेब दोन्ही बाजूंनी बोलले. असा गलका चालला असताना टपरीवाल्यानं सांगितलं, की पैसे मिळाले. बघतो तर काका बाजूला उभे, एका काखेत नारळ, खांद्यावर शाल, आणि सुटे पैसे मोजून खिशात टाकत होते.

आम्ही सगळे एकदम ओरडलो, "अहो काका, हे काय! पैज आमची होती!"

"असू द्या हो," काका म्हणाले. "मला सवय आहे."